बी.ए. करून काय करू? आणि आणखी चार पत्रं

बारावीचा निकाल लागला की या सदराकडे येणारी बरीच पत्रं एकाच काळजीची असतात. यंदाही तसंच झालं. मी तालुक्याच्या गावी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यामुळे पत्र वाचताना लिहिणारी मुलगी मला समोर बाकावर बसलेली दिसते. या महिन्यात पाच पत्रं घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची उत्तरंही त्यातूनच निघतात.

बाई, नमस्कार. मला बारावी सायन्सला ७८ टक्के पडले. पण मला इतिहास घेऊन बी.ए. करायचंय. मामा म्हणतात, डी.फार्म कर, मी तुला मेडिकल टाकून देतो. दादा म्हणतो, बी.ए. म्हणजे लग्न जमेपर्यंतचा टाइमपास. आई काहीच बोलत नाही. माझं चुकतंय का?
— एक विद्यार्थिनी, करमाळा तालुका

बाळ, तुझं चुकत नाही. पण दादाचं बोलणंही मी उडवून लावणार नाही. त्यानं जे पाहिलंय तेच तो बोलतोय. दिवाळीनंतर ओस पडलेले वर्ग, परीक्षेच्या तोंडावर आणलेलं गाईड, तीन वर्षांत एकही मूळ कागद न पाहता हातात आलेली पदवी. अशी बी.ए. झालेली कितीतरी मुलं माझ्याही हाताखालून गेली आणि त्याची खंत मला आहे. तशी बी.ए. करणार असशील तर मामांचं ऐक. ते प्रेमानं सांगतायत आणि मेडिकलचं दुकान हा प्रामाणिक धंदा आहे.

आता माझ्या एका विद्यार्थ्याचं सांगते. घरची दोन एकर कोरडवाहू, वडील एस.टी.त कंडक्टर. कॉलेजात मी दर शनिवारी मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीचा, वर्ग घ्यायचे. सुरुवातीला अकरा मुलं होती, दिवाळीनंतर चार उरली, दुसऱ्या वर्षी हा एकटा. तरी मी वर्ग बंद केला नाही. बी.ए. झाल्यावर त्यानं स्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं, पुढे ई-सेवा केंद्र घेतलं. दहा वर्षं कुणी त्याला मोडीबद्दल विचारलं नाही.

२०२३च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तहसिलीतले, शाळांतले जुने दप्तर उघडले गेले आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की यातलं बरंचसं मोडीत आहे, मराठवाड्यात काही उर्दूतही आहे, आणि वाचणारं माणूस मिळत नाही. आरक्षणाच्या वादात मी इथं शिरत नाही. मला त्या दिवसांतली धावपळ सांगायची आहे. मला दिवसाला दहा-दहा फोन येत होते. ‘बाई, तुमच्याकडं शिकलेलं कुणी आहे का?’ मी त्या मुलाचं नाव दिलं. दुकान बायकोवर सोपवून तो महिनोन्महिने कागद वाचत बसला.

मोडी वाचणं म्हणजे अक्षरं ओळखणं एवढंच वाटतं लोकांना. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढतात, मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात. शब्द तोडलेले नसतात. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ की ‘दीन’ हे वाचणाऱ्यानं अर्थावरून ठरवायचं. मग तारीख येते. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’. इहिदे म्हणजे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झालं ११६१. हा शुहूर सन. आकडे अरबी, पण वर्ष बदलतं ते सूर्य मृगात गेल्यावर, आपल्या पेरणीच्या हिशेबानं. म्हणून कागद मृगानंतरचा असेल तर ५९९ मिळवायचे, नव्या इंग्रजी वर्षातला असेल तर ६००. म्हणजे १७६०-६१, पानिपतचं वर्ष. एका ओळीत अरबी, पंचांग आणि शेती. हे ज्याला येतं त्यालाच तो कागद सापडतो. बाकीच्यांना तो नुसता हातात येतो.

त्या काळात या मुलाकडे एक गृहस्थ आले. एका नोंदीतलं आडनावापुढचं अक्षर पुसट झालं होतं. ‘तुम्हाला जमेल तसं वाचा,’ असं म्हणून त्यांनी पाकीट पुढे केलं. त्यानं पाकीट परत दिलं आणि लिहून दिलं : ‘अक्षर वाचता येत नाही.’ रात्री मला फोन करून म्हणाला, ‘बाई, तुम्ही एकदा वहीत लाल शाईनं लिहिलं होतं, दिसत नाही ते वाचू नकोस.’ मला आठवतही नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते.

इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान यांतलं शिक्षण मला विचारशील तर हे आहे : दुसऱ्या माणसानं, कदाचित तीनशे वर्षांपूर्वीच्या, नेमकं काय म्हटलंय ते आधी नीट वाचायचं, आपल्याला काय हवंय ते बाजूला ठेवून. हे अवघड आहे. सवयीनंच येतं, आणि ती सवय लागायला वर्षं जातात. कागदांची टंचाई नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ मध्ये त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, आणि त्या प्रचंड ढिगापुढे ते ४५ खंडही मूठभरच.

तेव्हा तू बी.ए. कर, पण माझ्या अटींवर. पहिल्या वर्षापासून मोडी शीक. पुराभिलेख संचालनालयाची प्रशिक्षणं आणि परीक्षा असतात. सोबत आणखी एक भाषा धर, फारसी किंवा संस्कृत. इंग्रजी सोडू नकोस, कारण एकोणिसाव्या शतकातला निम्मा कारभार त्या भाषेत आहे. करमाळ्याचंच घे. कमलाभवानीच्या देवळाजवळची बारव रोज पाहतेस, तिच्यावर वीस पानं स्वतः लिही. मोजमाप घे, पुजाऱ्यांशी बोल, कागद माग. पुढे डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व किंवा भाषाविज्ञान करता येईल. स्पर्धा परीक्षाच द्यायची ठरली तर राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि तिथं स्वतः विचार करून लिहिणाऱ्याला वाव आहे.

नोकरीची हमी मी देत नाही. कुणी देत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. आणि आईला एकदा शांतपणे विचार, तिला काय शिकायचं होतं. गप्प बसलेल्या आयांकडे या प्रश्नाचं उत्तर असतं, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

मॅडम, आमच्या भागातल्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गात दहा-बारा पोरं बसतात आणि त्यांना शिकवायला सरकारी पगार. हा पैसा आमच्या घामाचा आहे. इतिहास-मराठी शिकून पाणी येतं का शेतात? त्यापेक्षा आय.टी.आय. काढा. स्पष्ट लिहिलं, राग मानू नका.
— एक शेतकरी, शिरूर तालुका

दादा, राग कसला? तुमचा प्रश्न जोतीराव फुल्यांनी तुमच्याआधी विचारला आहे. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या इंग्रज सरकारच्या हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. आधी रयतेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण द्या. मी हे निवेदन वर्गात दरवर्षी वाचून घ्यायचे आणि दरवर्षी मुलं ताठ होऊन बसायची.

फक्त मधल्या काळात वर्गातली मुलं बदलली. तुमच्या तालुक्यातल्या त्या बी.ए.च्या वर्गात आज कोण बसतं? बहुतेक तुमच्या-माझ्या घरातली पोरं, आणि त्यांतही मुली. घरापासून एस.टी.च्या अंतरावर, परवडणाऱ्या फीमध्ये, स्वयंपाक उरकून गाठता येईल असं कॉलेज एवढंच असतं. मी शिकवलेल्या कितीतरी मुलींच्या घरात त्याच पहिल्या पदवीधर. वर्ग बंद केला तर त्या आय.टी.आय.ला जातील असं नाही. बऱ्याचशा घरी बसतील. आय.टी.आय. हवंच, त्यासाठी मी तुमच्या बरोबरीनं मागणी करेन. पण एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढू नये.

१९५०मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. ज्यांच्या घरात पाटी आली नव्हती अशी मुलं तिथं साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र शिकली. पुढे मराठीत दलित साहित्य उभं राहिलं, त्यात त्या परिसराचा वाटा फार मोठा आहे. ‘यानं पोट भरतं का’ असं तेव्हाही विचारता आलं असतं. त्या मुलांनी स्वतःबद्दल स्वतः लिहिलं आणि सगळ्या महाराष्ट्राला ते ऐकावं लागलं.

आणि पाण्याचं म्हणालात, तर तुमच्याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८पासून पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, सांकलिया, ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचं अख्खं गाव निघालं. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट आणि बांध घातला होता. पुढे हवामान कोरडं होत गेलं, तशी चौकोनी ऐसपैस घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेतीवर भागेना, तसे लोक गुराढोरांवर आणि शिकारीवर अधिक अवलंबून राहू लागले आणि शेवटी गाव उठलं. दादा, दुष्काळानं गाव कसं उठतं याचा हा मातीतला पुरावा आहे. तो वाचायला माणसं लागतात, आणि ती अशाच वर्गांतून तयार होतात. एकदा मुलांना घेऊन इनामगावला जाऊन या. तुमच्या नजरेला तिथं मला दिसलं त्याहून जास्त दिसेल.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळं आम्हाला मानव्यशास्त्राचे क्रेडिट घ्यावे लागतात. खरं सांगायचं तर वेळ वाया जातो. शिवाय आता कुठलंही पुस्तक एआय दोन मिनिटांत समजावून देतं. मग हे शिकायचं कशासाठी?
— एक विद्यार्थी, पुणे

तुझ्या कॉलेजात तो विषय शिकवतात कसा, हे तू लिहिलेलं नाहीस. पीपीटी वाचून दाखवत असतील आणि शेवटी पर्याय निवडायची परीक्षा असेल, तर वेळ वायाच जातोय, मला मान्य आहे. क्रेडिट वाटून माणूस वाचायला शिकत नाही.

पण तुझ्याच शहरात दामोदर धर्मानंद कोसंबी नावाचे गणिती राहत होते. १९०७मध्ये गोव्यात जन्म. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढे मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. १९४४मध्ये त्यांनी आनुवंशिकीत एक सूत्र मांडलं, गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं. ते आजही त्यांच्या नावानं वापरतात. ह्याच माणसानं तक्षशिलेला सापडलेली जुनी चांदीची नाणी एकेक करून तोलली. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. झीज किती, यावरून ते किती काळ चलनात होतं याचा अंदाज संख्याशास्त्रानं बांधता येतो. तराजू आणि गणित घेऊन ते इतिहासात उतरले. पण तेवढ्यावर भागलं नाही. त्यांना संस्कृत येत होतं. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी केली, तीही शेकडो हस्तलिखितं ताडून. पुण्याभोवतालच्या टेकड्या ते पायी फिरले, दगडी हत्यारं वेचली, म्हसोबाची ठाणी पाहिली, धनगरांशी बोलले. यातलं गणित कुठं संपतं आणि इतिहास कुठं सुरू होतो, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

एआयचं म्हणशील तर ते माझ्याच अंगणात आलं आहे. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक संकेतावलीत, २०१४ला जागा मिळाली, आणि २०२५मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदाचं देवनागरीत रूपांतर करणारी एआय प्रणाली जाहीर केली. मला मनापासून आनंद झाला. कोट्यवधी कागद माझ्यासारख्यांच्या डोळ्यांनी संपणार नाहीत. पण तिला शिकवायला काय लागलं बघ : दोन हजारांवर पानांच्या प्रतिमा आणि जाणकारांनी तपासलेलं त्यांचं लिप्यंतर. आधी माणसानं वाचलं, मग यंत्र शिकलं. आणि यंत्रानं चुकीचं वाचलं तर ते ओळखणार कोण? दोन मिनिटांतला सारांश बरोबर आहे की नाही हे तू कशावरून ठरवतोस? पुढच्या सत्रात एक प्रयोग कर. तुला आवडणारं एखादं मराठी पुस्तक तीन आठवडे घेऊन सावकाश वाच, मग त्याचा सारांश त्या यंत्राकडून माग. काय गळलंय त्याची यादी मला पाठव. मी ती छापेन.

मी मराठीचा सेट-नेट, पीएच.डी. अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. जून उलटून जातो तरी नेमणुकीचं पत्र येत नाही, सुट्टीचा पगार नाही. एका ठिकाणी कायम जागेसाठी ‘देणगी’ मागितली. वय ३९. मुलगी पहिलीत आहे. सोडू का?
— एक प्राध्यापक, मराठवाडा

सर, तुमचं पत्र मी दोन दिवस बाजूला ठेवलं होतं. काय लिहावं कळत नव्हतं.

देणगी देऊ नका. जमीन विकून तर अजिबात नको. एवढं आधी.

तुमच्यावर होतोय तो अन्याय आहे आणि त्याला दुसरं नाव मी देणार नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ सुरू झालं. दोन्हींचा मला अभिमान आहे. पण भाषा वर्गात जगते, आणि वर्गात उभ्या असलेल्या माणसाला आपण घड्याळी तासावर ठेवलं आहे. पहिल्या पत्रातल्या मुलीला मी ‘बी.ए. कर’ म्हणाले, ते तिला शिकवायला तुमच्यासारखं कुणी असेल या भरवशावर. जागा भरल्या नाहीत तर माझा तो सल्ला पोकळ ठरतो. ज्यांच्या हातात भरती आहे त्यांनी हे पत्र वाचावं म्हणून ते मी छापते आहे.

सोडावं का? सोडलंत तर तुम्ही मराठीशी गद्दारी केली असं कुणीही म्हणू नये. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. मोठ्या शहरांतल्या इंग्रजी शाळांना मराठीचे चांगले शिक्षक हवे असतात. तुमचं बी.एड. नसेल तर ते करायला वय आडवं येत नाही. भाषांतर आणि संपादनाची कामं आहेत. पैसे सुरुवातीला कमी मिळतात, पण शुद्ध आणि वेळेवर काम देणाऱ्याला पुन्हा बोलावणं येतं. घरी बसून ठरवा, मुलीच्या आईशी बोला, एक मुदत घाला. दोन वर्षं म्हणा. ती पाळा. आणि या काळात तुमचा प्रबंध कपाटात ठेवू नका. त्यातलं एखादं प्रकरण सामान्य वाचकाला कळेल असं लिहून मला पाठवा.

आमच्या वाड्यात माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, सापडला. मुलं अमेरिकेत आहेत, त्यांना वाचता येत नाही, मलाही नाही. लॅमिनेशन करून ठेवावं का?
— एक आजोबा, वाई

आजोबा, लॅमिनेशन मुळीच करू नका. एकदा प्लास्टिकमध्ये गेलेला कागद धडपणे बाहेर काढता येत नाही. सेलोटेपही लावू नका. माझ्या परिचयातल्या एका घराण्यानं प्रेमापोटी पन्नासेक पत्रं अशी चिकटवली. चिकटीनं कागद तपकिरी पडला आणि टेपखालची अक्षरं गेली ती गेलीच.

रुमाल ज्या क्रमानं बांधला आहे तो क्रम मोडू नका. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता, हीसुद्धा माहिती असते. घड्या जोरानं उलगडू नका. धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटात सैल बांधा, भिंतीला न टेकता कोरड्या जागी ठेवा. जुन्या घरांत शेजारी वेखंडाची पुरचुंडी ठेवत, तीही ठेवा, पण कागदाला लागू देऊ नका. वाईचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. जूनच्या आत हे करून टाका.

मग सकाळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, प्रत्येक कागदाचे फोटो घ्या. चारही कडा दिसल्या पाहिजेत. पाठचा फोटोही घ्या, कारण दोन कागद जिथं चिकटवलेत तिथं मागं जोडावर कधीकधी लहानसा शिक्का असतो. आधी मला प्रत्येक कागदाच्या शेवटच्या तीन-चार ओळी तेवढ्या पाठवा. बहुधा तिथंच तारखेची खूण असलेलं छ हे अक्षर आणि त्यापुढं चांद्रमासाचं नाव सापडेल. तारीख लागली की पुढचं आपण सावकाश वाचू.